मनाशेचं जोडाक्षर

पडदा वर जातो. लंडनच्या पिनर भागातलं माझं स्वयंपाकघर. खिडकीबाहेर नुकतं उजाडलंय, टेबलावर चहाचा कप आणि स्पीकरवर लावलेला फोन. रंगमंचावर पात्र एकच, मी. दुसरं पात्र जपानमध्ये, फक्त आवाजानं हजर.

आवाज मनाशे नवगावकरचा. मुंबईचा मराठी ज्यू. पन्नास वर्षांपूर्वी लंडनला आला आणि रिटायर होईपर्यंत लिफ्ट दुरुस्त करत राहिला. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या किती लोकांना त्यानं अंधारात हाका मारून धीर दिला असेल! स्वतः मात्र भारी भित्रा. अनोळखी माणसाला काही विचारायचं म्हटलं की त्याचे हात गार पडायचे. आठ वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, एलिझाबेथला, हॉस्पिटलनं दुसऱ्या वॉर्डमध्ये हलवलं, तर हा कॉरिडॉरमधून पाऊण तास भटकला आणि कुणालाही विचारलं नाही. पोचला तेव्हा ती गेली होती, नर्स कॉटभोवतीचे पडदे ओढत होती.

आता त्याची एकुलती मुलगी अविवा जपानमध्ये हॉस्पिटलात होती. हृदयाची झडप बदलायची, शुक्रवारी दुपारी दोन वाजता.

"ऑपरेशनला आत नेण्याआधी मी तिला दिसायला हवा, ताई," जपानला निघण्यापूर्वी याच टेबलाशी बसून तो म्हणाला. "तुमचा जन्म नाटकांच्या पाठांतरात गेला. माझं एवढं एक वाक्य बसवून द्या."

वाक्य अविवानंच रेकॉर्ड करून पाठवलं होतं, अर्थ आणि उच्चार समजावून. सुमिमासेन, ब्योइन वा दोको देसु का? माफ करा, हॉस्पिटल कुठे आहे? शेवटी आपल्यासारखाच 'का' आला म्हणून मनाशे खूश झाला. अडलं ते जोडाक्षरावर.

"बियोइन," तो म्हणाला.

"फोडू नकोस रे! ब्यो. एका दमात. ब्योइन म्हणजे हॉस्पिटल. बियोइन म्हणजे ब्यूटी पार्लर."

त्यानं टकलावरून हात फिरवला. "मला कोण आत घेणार तिथं?"

दोघंही हसलो. मग त्यानं कप खाली ठेवला. "प्रश्न पाठ होईल, ताई. पण समोरच्यानं उत्तर दिलं तर?"

मी त्याला 'मिगी' म्हणजे उजवीकडे आणि 'हिदारी' म्हणजे डावीकडे, एवढं शिकवलं. त्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आणि शुक्रवारी विमान सात तास उशिरा पोचलं. स्टेशनवर उतरला तेव्हा तिकडे दीड वाजला होता. मोतीबिंदूमुळे फोनवरचा नकाशा दिसेना, बाहेर टॅक्सी नव्हती.

"फोन ठेवू नका, ताई. विंगेत उभ्या राहा."

"उभी आहे. विचार."

नुसता श्वास ऐकू येत होता. मग "सुमिमासेन..." एवढंच. पावलं जवळ आली, निघून गेली.

"ती बाई थांबली होती, ताई. माझं तोंडच उघडलं नाही."

"दुसरीला विचार. मनाशे, पावणेदोन होतायत!"

या वेळी पूर्ण वाक्य आलं, पण कापऱ्या आवाजात, आणि नेमकं ते जोडाक्षर मला नीट ऐकू आलं नाही. एका बाईचं "हाय, हाय!", म्हणजे हो, हो, आणि दोघांची झपाझप पावलं. मी कपाला घट्ट धरून बसले. मग एक दार सरकलं आणि केस वाळवायच्या मशीनची घरघर ऐकू आली.

"ताई," तो कुजबुजला, "इथं सगळीकडे आरसे आहेत. बायका डोक्याला चंदेरी कागद लावून बसल्यात."

हजार प्रयोग केले, पण अशी वेळ कधी आली नव्हती. "ब्यो!" मी ओरडले. "मनाशे, ब्यो!"

तो रडत होता. रडता रडताच म्हणाला, "ब्योइन. ब्योइन वा दोको देसु का?" त्याच्या तोंडून ते जोडाक्षर शुद्ध असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मशीन बंद झालं. "आ, ब्योइन!" टेबलावर कात्री आपटल्याचा आवाज, आणि मग कुणीतरी त्याला धरून पळत सुटलं. उजवी नाही, डावी नाही, नुसती पावलं आणि त्याची धाप. एक लिफ्ट वाजली. कॉटची चाकं घरंगळत गेली. दोन वाजून गेले. मी फोनकडे बघत राहिले, हाक मारायचीही हिंमत होईना.

अखेर त्याचा आवाज आला, अगदी हळू.

"ऑपरेशन थिएटरचं दार लागलं, ताई. पण काचेतून तिनं मला बघितलं, हात वर केला. आता ठेवतो, इथं फोनवर बोलू देत नाहीत."