सलीम मिस्त्रीचा माकूल

माझं वडवणीत मोटर रिवायंडिंगचं दुकान हाय. जळलेली मोटर घेऊन माणूस येतो, कॉइल भरून होईपर्यंत बाकड्यावर बसतो, आन् बसला की बोलतो. मोटर दुरुस्त होऊन घरी जाते, किस्सा दुकानातच राहतो. असे इतके साचलेत की आता मोटरीला जागा न्हाई! लग्नाचे, भांडणाचे किस्से तुमच्याकडं बी असतील. पण बीड जिल्ह्यातली चार माणसं दर साली समुद्रात जाऊन माकूल धरतेत, हे किस्से फक्त आमच्याकडं.

माकूल म्हंजे स्क्विड. हॉटेलात रबरासारख्या गोल चकत्या तळून देतेत ना, तेच. जिता असला की काचेसारखा दिसतो, अंगावरून रंग पळत राहतेत. डोक्याला दहा हात, आन् पोटात शाईची दौत.

आमी चौघं. एक मी. दुसरे कदम गुरुजी, कोकणात पंधरा वर्षं मास्तरकी करून रिटायर झालेले. हे खूळ त्यांनीच आणलं. तिसरे तेलगावचे दत्तू नाना, ऊसवाले पुढारी. नानांकडं कडक इस्त्रीचे पांढरे कपडे सोडून दुसरे कपडेच न्हाईत. शेतात बी तेच, होडीत बी तेच. आन् चौथा सलीम मिस्त्री, ट्रॅक्टरवाला. नुसता आवाज ऐकून कोणता नोझल गेलाय ते सांगतो. असा हुशार माणूस, पण त्याच्या हातून माकूल काही निघत नव्हता. हे सगळं त्याचंच रामायण हाय.

* * *

पहिलं साल. दिवाळी झाली की सीझन असतो. सिंधुदुर्गातलं एक लहान बंदर. नाव सांगत न्हाई, न्हाईतर पुढच्या साली सगळी वडवणी तिथं! होडी जनूकाका तांडेलची, तांडेल म्हंजे होडी हाकणारा. सकाळचं ऊन नुकतं पाण्यावर आलतं. आमी गळ सोडून बसलो, आन् सलीमची काठी वाकली.

तांडेलकाका ओरडले, "माकूल! अरे माकूल!"

आता आमच्या बाजूला माकूल म्हंजे काय? बरोबर, साजेसं, झक्कास. 'माकूल जवाब दिला' म्हणतेत ना, ते. सलीमला वाटलं, काका आपल्या धरण्यावर खूश झाले. काका पुन्हा ओरडले, "माकूल रे माकूल!"

सलीमनं काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात छातीला लावला आन् लई अदबीनं मान झुकवून म्हणला, "शुक्रिया, काका!"

तेवढ्यात दोरी ढिली पडली, अन् माकूल गेला.

काकांनी कपाळावर हात मारला. त्यांनी सलीमला गळ उचलून दाखवला. झिंग्यासारखा प्लास्टिकचा तुकडा, खाली आकड्यांची झालर. "हेका उलटी टोचणी नसता. दोरी सैल सोडलंस की तो सुटलो!" मी मात्र हसून हसून दोनदा होडीच्या काठावर आपटलो.

* * *

दुसऱ्या साली सलीमनं ठरवलं, ढील द्यायचीच न्हाई. माकूल लागला आन् ह्यानं असा हिसका मारला की होडी हलली! कावून? तर जन्मभर त्या हातानं दोरी ओढून डिझेल इंजिनं चालू केलेली. दोरी दिसली की हात आपोआपच हिसका मारतो.

गळ वर आला. गळाला दोन लांब हात लटकत होते. बस, तेवढंच. बाकी माकूल खाली समुद्रात.

तांडेलकाकांनी ते दोन हात उचलून उन्हात धरले, नीट बघितले आन् विचारलं, "बाकीचो खंय असा?"

नाना म्हणले, "सलीम, तू तर नुसत्या मिशाच उपटून आणल्या बे!"

हसलो सगळे, सलीम बी हसला. पण गावी आल्यावर खरं दुखणं कळलं. गुरुजींनी स्वतः धरलेले चार माकूल त्याच्या डब्यात दिलते. सलीमची पोरगी सानिया, सहावीत होती तवा. तिनं डबा उघडला, डोळे मोठे केले आन् बापाला विचारलं, "अब्बा, ये तुम पकडे क्या?"

सलीम पोरीशी खोटं बोलत न्हाई. म्हणला, "नै बेटा. गुरुजी पकडे."

"अगले साल तुम पकडना, हौ?"

दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन बसला तवा चहा बी घेतला न्हाई त्यानं. म्हणला, "यार, पोरगी रुसली न्हाई. पण तिनं खाल्लं न्हाई."

मला लई वाईट वाटलं, खरं सांगतो.

* * *

मग गुरुजींनी क्लास काढला. माकूल म्हंजे पाण्याची भरलेली पिशवी, असं त्यांचं म्हणणं. हिसका मारला की फाटते, दोरी सोडली की पडते. हळू आन् एकसारखं ओढायचं.

तर आमी नानांच्या विहिरीवर गेलो. पातळ कॅरीबॅगमध्ये पाणी भरलं, शिवायच्या दोऱ्यानं बांधलं आन् विहिरीत सोडलं. सलीम काठावर काठी धरून उभा. पिशवी वर घ्यायची, फुटू द्यायची न्हाई. पहिल्या दिवशी सतरा पिशव्या फुटल्या. विहिरीच्या कडेला बसून आमी नव्या पिशव्या भरत होतो.

आता शेतात चार माणसं विहिरीत वाकून बघायला लागली की काय होतं? बांधावर गर्दी! कुणीतरी म्हणलं, काहीतरी पडलंय. दुसरा म्हणला, कुणीतरी पडलंय. अर्ध्या तासात पोलीस पाटील धापा टाकत आले.

"कोण हाय आत?"

सलीमचं सगळं ध्यान दोऱ्यावर. मान बी न वळवता म्हणला, "गप बसा, पाटील. वर येऊ लागलाय."

पाटलांनी टोपी काढून हातात घेतली. बायांनी तोंडाला पदर लावला. सगळं शिवार गप! आन् विहिरीतून हळूहळू, एक थेंब न सांडता, कॅरीबॅग वर आली.

सलीम दोन्ही हात वर करून नाचला. पाटील मात्र नानांशी महिनाभर बोलत नव्हते.

* * *

तिसऱ्या सालचा पहिला किस्सा माझाच हाय, लपवून काय करू? गुरुजींनी एक झकास माकूल काढून माझ्याकडं दिला, "साफ कर" म्हणले. सगळ्या अंगाला शाई लागलेली. आपण पडलो बीडचे. पाण्याची किंमत आपल्याला. म्हणलं, एवढ्या लांबून आलेलं, ह्याला खाऱ्या पाण्यानं कशाला धुवायचं? मी आपल्या प्यायच्या बाटलीचं बूच उघडलं आन् त्याला लाडानं आंघोळ घातली.

तांडेलकाका किंचाळलेच. "अरे, गोड्या पाण्यान कित्याक?"

मी म्हणलं, "कावून?"

"कित्याक?"

"कावून?"

दोघं बी 'का' हेच विचारत होतो, पण कुणालाच कुणाचं कळंना! शेवटी गुरुजी मधी पडले. गोडं पाणी लागलं की माकूलाचा रंग जातो, चव जाते. समुद्राच्याच पाण्यात धुवायचा, पिशवीत घालायचा आन् मग बर्फावर ठिवायचा. बर्फाचं पाणी बी अंगाला लागू द्यायचं न्हाई.

बघितलं तर माझा माकूल फडक्यासारखा पांढरा पडलता. त्या दिवशी तो माझ्याच ताटात वाढला सगळ्यांनी. अळणी, बेचव! वर नाना विचारतेत, "अजून थोडं पाणी देऊ का त्याला?"

* * *

त्याच दिवशी दुपारच्या आधी सलीमला माकूल लागला. आन् काय सांगू, विहिरीचा क्लास कामाला आला! हिसका न्हाई, ढील न्हाई. माकूल तेलावर सरकल्यासारखा काठापर्यंत आला. आता फक्त जाळीत घ्यायचा. जाळी होती नानांच्या हातात.

नाना पुढारी माणूस. समोरून स्वागत करायची सवय! त्यांनी जाळी माकूलाच्या बरोब्बर तोंडापुढं धरली. पण माकूल पळतो उलटा, शेपटीच्या बाजूला. जाळी दिसली, अंगाचा झटका दिला, गळ सुटला आन् सप्पकन् मागच्या मागं गायब!

"जाळी मागसून धरूची!" काकांनी पुन्हा कपाळ बडवलं.

नाना म्हणले, "आता मला काय माहीत? मागं पळणारं जनावर आपण कुठं बघितलंय?"

गुरुजी शांतपणे म्हणले, "कावून? मागच्या निवडणुकीत तुमचं पॅनल असंच मागच्या मागं पळालतं की."

सगळे हसलो, फक्त सलीम हसला न्हाई. काठी गुंडाळत तो म्हणला, "पुढच्या साली एकदा येतो. तवा बी न्हाई निघाला, तर माझी सीट दुसऱ्याला द्या. पोरीला तोंड दाखवायला बरं न्हाई वाटत."

नानांचं तोंड उतरलं. परतीच्या गाडीत सोलापूर येईपर्यंत ते एक शब्द बोलले न्हाईत, आन् नाना बोलले न्हाईत म्हंजे काय, ते तेलगावकरांनाच विचारा.

* * *

आता हे यंदाचं.

नानांच्या मागं यंदा लई गडबड होती. कॅनॉलच्या पाण्यावरून गावात रोज लोक भेटायला यायचे. अशात 'मासे धरायला चाललो' कसं सांगणार? तर नाना सगळ्यांना सांगून निघाले, "मुंबईला चाललो. पाण्याची महत्त्वाची बैठक हाय." तसं खोटं बी न्हाई म्हणा. पाण्याचाच विषय होता, अन् बैठक बी होडीत होती!

सकाळी होडी निघाली. गुरुजींना दोन मिळाले, मला एक. सलीमला काहीच न्हाई. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. ऊन चढलं की माकूल खोल जातो, हे आता आमाला बी कळायला लागलंय. तांडेलकाका इंजिन चालू करायला उठले. सलीम म्हणला, "काका, एक पाच मिनिटं." त्याचा आवाज ऐकून काका पुन्हा खाली बसले.

आन् काठी वाकली.

ह्या वेळी काका 'माकूल' म्हणून ओरडले न्हाईत! सलीम ओढू लागला. हळू, एकसारखं. पाण्यात लाल सावली दिसली. हा मोठा होता, लई मोठा, हातभर! काठाला आला. गुरुजींनी मागून जाळी घातली, पण माकूल जाळीपेक्षा लांब, अर्धा आत, अर्धा बाहेर.

आता नियम असा, की माकूलाला वर घेण्याआधी पाण्यातच थांबवायचा. दोनदा शाई सोडू द्यायची. आन् त्याची शाई उडवायची नळी कायम समुद्राकडं ठिवायची, माणसाकडं न्हाई. पण ह्या गड्यानं शाई सोडलीच नव्हती. पोट टम्म! वाऱ्यानं होडी फिरली, माकूल फिरला, आन् नळी आली थेट नानांच्या समोर. नाना पांढरेशुभ्र. मागं इंजिन, बाजूला आमी. सरकायला जागा न्हाई.

सलीम ओरडला, "नाना, बाजूला व्हा!"

"कुठं होऊ?"

सलीमनं एकदा नानांच्या कपड्याकडं बघितलं, एकदा माकूलाकडं. म्हणला, "जाऊ द्या. सोडतो मी ह्याला."

त्यावर नाना असे गरजले की आजवर कुठल्या सभेत गरजले नसतील. "सोडशील तर खबरदार! चार वर्षं झाली बे! पोरगी वाट बघायली तिकडं. आण त्याला वर!"

आन् नानांनी दोन्ही हात पसरले, छाती पुढं काढली आन् डोळे मिटले.

सलीमनं उचलला.

बाबा, काय तो फवारा! टोपीपासून धोतरापर्यंत नाना काळेभोर. डोळे उघडले तवा फक्त तेवढे दोन पांढरे ठिपके. माकूल होडीत पडला आन् सलीम मिस्त्री त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसून रडू लागला. नानांनी काळ्या हातानंच त्याला मिठी मारली. आमाला बी राहवलं न्हाई. तांडेलकाका दुसरीकडं बघत नाक शिंकरत होते.

मग सलीमनं एकट्यानं सगळं केलं. खाऱ्या पाण्यात धुतला, पिशवीत घातला, पेटीत ठिवला. मी दोन फोटो काढले: एक सलीम आन् माकूल, एक नुसते नाना. बंदराजवळ रेंज आली तसे दोन्ही सलीमच्या घरी पाठवले. दोन मिनिटांत सलीमचा फोन वाजला, सानियाचा आवाज आला, "अब्बा! ये तुम पकडे क्या?"

सलीम म्हणला, "हौ बेटा. मैं पकडा."

आमी असे आनंदात, अन् तेवढ्यात नानांचा फोन वाजू लागला. एक ठिवला की दुसरा. झालं असं, की सलीमच्या बायकोनं हसत हसत नानांचा फोटो स्टेटसला टाकला. तिथून तो कुणीतरी उचलला आन् तेलगावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मुंबईत नानांवर शाईफेक! जाहीर निषेध!'

फोनवर नानांचा कार्यकर्ता बंडू. आवाज इतका मोठा की सगळ्या होडीला ऐकू येत होता. "नाना, तुमी काळजी करू नका! तेलगावचा चौक बंद केलाय. टायर आणलेत. दोनशे माणूस रस्त्यावर हाय. तुमी फक्त फेकणाऱ्याचं नाव सांगा!"

नानांनी फोनवर हात ठिवला आन् आमच्याकडं बघितलं. खरं सांगावं तर मुंबईची बैठक उघडी पडते. न सांगावं तर तिकडं टायर पेटतेत. गुरुजींनी मान खाली घातली. मी बंदराकडं बघू लागलो.

नानांनी घसा साफ केला. पुढाऱ्याचा आवाज लावला.

"बंडू, शांतता राखा. चौक मोकळा करा. फेकणारा जागेवरच धरलाय."

"कुणी धरला, नाना?"

"आपल्या सलीम मिस्त्रीनं. एकट्यानं!"

तिकडं एकच आवाज झाला, "सलीमभाईऽऽ जिंदाबाद!" इकडं सलीम लाजून पेटीवर बसला.

बंडू काही ऐकंना. "आन् आता कुठं हाय तो, नाना? पोलिसांच्या ताब्यात दिला का?"

नाना म्हणले, "न्हाई. बर्फात ठिवलाय."