मशीनच्या आवाजाआड: आर्णीतले दोन दिवस

लैंगिक अत्याचारातून गेलेल्या बायकांशी बोलणं, त्यांना उभं राहायला मदत करणं हे माझं काम. नागपुरात त्यासाठी माझी छान खोली आहे; मऊ खुर्च्या, कुंडीतलं झाड, सगळं. तरी आर्णीच्या रझियाआपांचा फोन आला आणि मी बॅग भरली. "एक पोरगी बोलाले तयार हाय मॅडम. आठ दिवसांत तिच्या भावाची शादी हाय. तुम्ही याच."

नागपूर ते यवतमाळ एसटीनं चार तास धरा. बायकांना अर्धं तिकीट. यवतमाळच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे खा, पण तर्री कमी घालायला आधीच सांगा. मी सांगितलं नाही आणि आर्णीपर्यंत नाक पुसत बसले. पुढचा रस्ता मात्र झकास. दोन्हीकडे फुटलेला कापूस, मध्ये पिवळी तूर. जायचं तर हिवाळ्यातच जा.

आपांनी समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलंय, पण घरावर पाटी ब्लाउज शिवण्याचीच. माप द्यायला कोण आलं आणि मन मोकळं करायला कोण, हे गल्लीत कुणाला कळत नाही. मला ही युक्ती भारी आवडली. जेवताना त्यांनी सुनीताबद्दल सांगितलं. (तिचं आणि आपांचं नाव बदललंय, हे सगळं दोघींना विचारूनच लिहितेय.) वय पंचवीस. लहानपणी सख्ख्या मामानं अत्याचार केलेला. आपांना हे सांगायलाच तिला तीन महिने लागले. आता लग्नात सगळ्यांसमोर त्याच मामाच्या पाया पडायचं होतं, आणि तिला ते करायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला सुनीता आली. मी पहिलं काय केलं? शिकले होते तसं उठून दार लावलं. गुप्तता ना! तिचा चेहराच उतरला. "जातो मी," म्हणत ती उठली.

आपांनी दार सताड उघडलं, मशीनवर बसल्या आणि जोरात पायडल मारायला लागल्या. "बैठ बेटा. ह्या खडखडीत बाहेर कोनालेच आयकू जात नाही." दारही उघडं, बोलणंही आतच. माझ्या पंधरा वर्षांच्या अनुभवाची चांगलीच जिरली.

सुनीता दाराजवळच्या खुर्चीवर, रस्ता दिसेल अशी बसली. तासभर बोलली. मग आम्ही सराव केला. मी तिची आई झाले, "पाया पड" म्हणत राहिले. दोनदा ती रडली. तिसऱ्यांदा पुटपुटली, "मी नाही पडत."

"जोरानं बोल, मशीन चालू हाय!" आपा ओरडल्या. सुनीता हसली आणि तेच खणखणीत आवाजात म्हणाली. पुढे कुणाला सांगायचं, तक्रार करायची का, ते तूच ठरव, एवढं सांगून मी निघाले.

नागपूरला परतल्यापासून मी समोरच्या बाईला विचारल्याशिवाय खोलीचं दार लावत नाही. पण खरं सांगते, लग्नाच्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं.

दोन दिवसांनी आपांचा फोन आला. मांडवात सुनीता मामासमोर ताठ उभी राहिली. आईनं हळूच विचारलं, "काहून नाही पडत पाया?" ती म्हणाली, "घरी चाल, समदं सांगतो."

घरी तिनं सांगितलं. आई म्हणाली, "मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

"तवाच सांगतलं होतं माय. तूनंच चूप बस म्हटलं."

आईनं फोन उचलला आणि सुनीतासमोरच त्या मामाला, आपल्या सख्ख्या भावाला सांगितलं, "आजपासून ह्या घरात पाय ठेवू नको."