पळीभर गंगाजल

बाबा गंगेकाठी, पंचगंगा घाटावर पूजा सांगत. त्यांना मधुमेह होता, टाचेची जखम भरत नव्हती, तरी यजमानाचा पेढा ते नाकारत नसत. "प्रसादाला नाही म्हणायचं नसतं," एवढंच उत्तर. मला भयंकर राग यायचा. त्याच रागापोटी मी विद्यापीठात मधुमेहावर संशोधन करायला घेतलं. पेशीत कॅल्शियम धरून ठेवणारी प्रथिनं असतात. साखरेच्या माऱ्याने पेशी मेटाकुटीला आली की तिचं तगणं बरंचसं त्यांच्यावर असतं. ती मधुमेहात ढिली पडतात का, हे मला पाहायचं होतं.

नव्वदच्या दशकातल्या एका दसऱ्यानंतर प्रयोग बिघडला. ज्या नळीत कॅल्शियम घातलंच नव्हतं, तिथलं प्रथिनही कॅल्शियम धरून बसलेलं. तीनदा केलं, तीनदा तेच. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "छोड़ दीजिए, आपके बस का नहीं। घरवाले रिश्ता देख ही रहे होंगे।" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एक महीना दीजिए," मी म्हटलं.

एकेक रसायन तपासलं. चूक निघाली माझीच. आमच्याकडे खंडेनवमीला कामाच्या हत्यारांची पूजा होते. मी प्रयोगशाळेत ती केली, आणि घरच्या हंड्यात घालतो तसं सगळी द्रावणं ज्यातून करायची त्या शुद्ध पाण्याच्या मोठ्या बाटलीतही पळीभर गंगाजल घातलं. गंगेच्या पाण्यात कॅल्शियम असतं हे मला पाठ होतं. पण गंगाजलानं पाणी बिघडेल, हे मनात आलंच नाही.

आता ती बाटली मोरीत ओतायची होती. हात धजेना. घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "अख्ख्या शहराचे नाले गंगामैया पोटात घेते. तुझी एक बाटली तिला काय भारी? दे ओतून."

ओतली. प्रयोग नीट आला.

प्रबंध लिहिताना सर म्हणाले, "लिखिए, बोतल गंदी थी। गंगाजल लिखेंगी तो लोग हँसेंगे।" मी गंगाजलच लिहिलं. हसणारे हसले.

ते पान बाबांना मराठीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी घाटावर यजमानानं पेढा पुढे केला, तेव्हा बाबांनी तो कपाळाला लावला आणि परत केला. यजमानाचं तोंड उतरलं.

"मेरी लड़की ने गंगाजल बहा दिया," बाबा म्हणाले, "मैं एक पेड़ा नहीं लौटा सकता?"