बाबांनी काढलेली भेसळ

मालवणजवळच्या आमच्या कट्टा गावच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभे होतो, तेव्हा बाबांनी शेवटचं विचारून घेतलं, "भात सोडून गव्हाक कित्याक जातंस गो चेडवा?" मी काही बोलायच्या आत गाडी आली. आई मागून ओरडली, "थंय मासळी गावता काय ता तरी इचारलंस?" नव्हतं विचारलं. गव्हाचं शेत मी तोवर डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. शेतीचं शिकले आणि नोकरी लागली ती गव्हाच्या नव्या जाती तयार करणाऱ्या केंद्रात, पार माळव्यात.

मालवण आणि माळवा. तिकडे गाव सांगितलं की लोक खूश व्हायचे. "अच्छा, मालवा की हो! फिर तो अपनी ही निकलीं।" अपनी म्हणत घर दाखवायचे, चहा पाजायचे, आणि मासे खाते म्हटलं की त्याच तोंडाने सांगायचे, कमरा तो बुक हो गया. शेवटी खोली मिळाली ती कबूल करून, की घरात मासे शिजणार नाहीत. बांगड्याचा वासही घ्यायचा नाही म्हणे. अरे, मी काय तुमच्या देवघरात बांगडे टांगणार होते?

तुम्ही जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे पुण्याला, दुबईला, कुठे कुठे गेलात, तुम्हांला दोघांनाही हे ठाऊक आहे. राहिलेल्यांना वाटतं आम्ही मजेत आहोत. गेलेले मे महिन्यात येऊन मजेत असल्याचं दाखवतात. मला आता दाखवायचा कंटाळा आलाय.

माझा राग समजायला थोडं गव्हाचं ऐकावं लागेल. शेतात आज जो गहू डोलताना दिसतो, तो जवळजवळ सगळा मोजक्याच आईबापांची लेकरं. एका उंचीचा, एका रंगाचा, एकाच दिवशी पिकणारा. बघायला छान. पण तांबेरा रोगाला त्यातलं एक झाड पचलं की सगळं शेत पचलं, आणि फेब्रुवारीत ऊन चढलं की सगळ्यांचे दाणे एकदमच पोचे. म्हणून मग जुन्या, विस्मरणात गेलेल्या गव्हांकडे जायचं, खपलीकडे जायचं, गव्हाची रानटी भावंडं असलेल्या गवतांकडे जायचं, आणि त्यांचं रक्त परत आणायचं. चिमट्याने एकेका फुलातले परागकोश काढायचे, दुसऱ्याचा पराग लावायचा, मग वर्षानुवर्षं पेरत निवडत राहायचं. मी तेच करत होते. माझ्या वाफ्यात कुणी उंच, कुणी बुटका, कुणाच्या ओंबीला ही लांब लांब कुसळं. दिसायला ध्यान, कबूल. पण त्यातलंच कुणीतरी उन्हात टिकणार होतं.

आमचे साहेब तिकडचेच, पण मराठी. वाफ्यासमोर उभे राहून म्हणाले, "हे शेत आहे की जत्रा? सगळी भेसळ आहे ही. काढून टाका." मग आवाज खाली आणून, माझ्या भल्याचं सांगावं तसं, "आणि मीटिंगमध्ये ते तुमचं हेल काढून बोलणं जरा कमी करा." मी खाली बघून "हो सर" म्हटलं. आजही आठवलं की डोक्यात तिडीक जाते. साहेबांची तर जातेच, पण त्या "हो सर"ची जास्त.

खूप भांडल्यावर एक हंगाम मिळाला. उन्हात दाणा भरून दाखवा, नाहीतर ही पैदास बंद. तेव्हा मला घर आठवलं. माळव्याला अजून थंडी तरी पडते. आमच्याकडे फेब्रुवारीत घाम, खारा वारा, दमट हवा. ज्या झाडाने तिथे दाणा भरला, ते कुठेही भरील. त्या झाडांचं बी घेऊन यायचं, एवढाच माझा बेत. भात कापून झालेल्या आमच्या कुणग्यात बाबांनी मी पाठवलेला गहू पेरला. मोकाट गुरं शिरू नयेत म्हणून काट्यांचं कुंपण घातलं. गाव हसायला येत होतं. फोन केला की बाबा म्हणायचे, "बरो आसा. तू ये, मगे बघ."

गेले. आणि बघितलं.

वाफा कसा, दाढी करून बसलेल्या नवऱ्यासारखा. एका उंचीचा, सरळ, गुळगुळीत. कुसळवाला एक नाही. उंच एक नाही. बाबा बांधावर उभे, चेहऱ्यावर एवढा आनंद! "भेसळ सगळी काडून टाकलंय. तुझ्या सायबान बघल्यान तर नाव ठेवूचो नाय."

बाबांचं भाताचं बियाणं पंचक्रोशीत नावाजलेलं. त्यात परकं झाड दिसलं की ते उपटायचं, हाच त्यांचा आयुष्यभराचा धर्म. मला हे माहीत होतं. तरी त्या क्षणी माझा तोल गेला तो गेलाच. "कोणाक इचारून उपटलास? माका एक फोन करूक काय झाला होता?" उपटलेली झाडं म्हशीपुढे पडली होती. मी गोठ्यात धावले. उरलेल्या ओंब्या उचलून दाणे दाबले तर पांढरं दूध आलं. भरत होते! शेतात जे देखणे उभे होते, त्यांच्या ओंब्या चुरगाळल्या तर हातात नुसता कोंडा. आणि हे दुधातले दाणे बी म्हणून कुठले उगवायला? म्हैस शांतपणे माझा हंगाम चघळत होती.

मी काय काय बोलले! भेसळ, भेसळ, सगळ्यांना एकसारखंच लागतं, वेगळं दिसलं की काढा, बोललं की काढा, खाल्लं की काढा. आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. माझा दम संपला तेव्हा बाबांनी विचारलं, "थंय तुका कोण उपटूक बघता काय गो?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. पगार विचारला, लग्नाचं विचारलं, फ्लॅट कधी घेतेस विचारलं. मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून रडले. मग "होय" म्हटलं, आणि मासे, खोली, साहेब, "हो सर", सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते आणि त्यांच्या कानशिलाची शीर उडत होती.

केंद्रातून माझी पैदास काढून टाकली. साहेबांनी कागदावर रेघ मारली, बस. माझ्याकडे जुन्या बियाण्यातलं थोडं शिल्लक होतं. ते यंदा पुन्हा आमच्या कुणग्यात पेरलंय, साहेबांना न विचारता. बी भरलं तर दुसरं केंद्र शोधीन.

परवा आईने फोन केला. शेजारचे आबा कुंपणापाशी येऊन म्हणाले, "काय ह्या गबाळ वाढवून ठेवलास? मी उपटून देव काय?" आणि आमचे बाबा, ज्यांनी कधी कुणाशी वर आवाज केला नाही, ते आबांवर इतके ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली. "हात लावशात तर याद राखा! माझ्या चेडवाचा आसा ता!"

आई म्हणाली, "लाज वाटली गो माका." मला नाही वाटली. माळव्यात माझी माणसं आहेत, मैत्रिणी आहेत, आता पोह्यांवर शेवही लागते मला. पण माझ्यासाठी तोंड सोडून भांडणारं तिथे कुणी नाही. ते घरी आहे.