दोन तोंडांचा पक्षी

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला मीच. तिथल्या वेशभूषेच्या स्पर्धेत मला बक्षीस हवंच होतं, म्हणून मी म्हैसूरच्या राजमुद्रेवरचा गंडभेरुंड व्हायचं ठरवलं.

"दोन तोंडांचा पक्षी? तुझं एकच आवरत नाही आम्हाला!" म्हणत आईनं चिकटवायला खळ शिजवली. फाटक्या छत्रीचे पंख झाले, करवंट्यांच्या चोची, हळदीत बुडवलेल्या पोत्याचं अंग. वडील, म्हणजे अण्णा, शिंपी. टाचणी दिसलेली त्यांना खपत नसे, म्हणून स्पर्धेआधी त्यांनी सगळं माझ्या अंगावरच शिवून टाकलं.

पहिला नंबर माझाच! प्रिन्सिपॉलांनी कप पुढे केला, पण माझे हात पंखांत शिवलेले. मी नुसताच फडफडलो. पोरं हसून हसून बाकांवर लोळली. तेवढ्यात, आत यायला लाजून दाराशी थांबलेले अण्णा कात्री घेऊन थेट स्टेजवर धावले.

"सर, स्वल्प थांबा," म्हणत त्यांनी टाके उसवले.

"हे कोण?"

"माझे वडील!" मी माइकात ओरडलो. "हा पक्षी त्यांनीच शिवलाय!"

अण्णांनी कात्री माझ्या मोकळ्या हातात ठेवली आणि कप स्वतःच घेतला.