नाही म्हटलं तर

दवाखान्यातल्या नर्स बेनचा फोन आला तेव्हा मी पोरीला मालिश करत होते, तेलाच्या हातानंच उचलला. "उद्या बाळाला घेऊन या, नियम बदललाय, परवानगी परत घ्यायची आहे." नियम-बियम मी ऐकलंच नाही. परत बोलावलं म्हणजे दवेत काहीतरी निघालंय, एवढंच डोक्यात.

पोरीला झटके यायचे. दवाखान्यात एक नवीन दवा लहान बाळांना देऊन बघत होते, त्यात हिला पण घेतलेलं. झटके थांबले, पण मग ती झोपूनच राहायची. अंगावर घेतलं तरी तोंड उघडायची नाही, तळव्याला गुदगुल्या करून करून पाजायचे. मी डॉक्टरांना सांगणार होते, तर आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "गप बस. जास्ती बोलशी ते काढी टाकतीन. मंग झटका उना ते कोठे जाशी?"

लिंबायतहून, आमच्या वस्तीतून, रिक्षा केली. रस्ताभर माझं बोट पोरीच्या नाकापाशी, श्वास चालू आहे ना, चालू आहे ना.

बेननी मोबाईल आमच्यासमोर उभा लावला, व्हिडिओ चालू केला, आता परवानगी अशीच घ्यायची म्हणे. सगळं मराठीत वाचून दाखवलं. पहिल्या वेळी भराभर गुजरातीत सांगितलेलं, मी मान हलवत गेले न् सही केली. आता बेन म्हणते, "काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा."

शाळेत उभं केलं तरी मी रडायचे.

"मी सांगस ना," आत्याबाई.

"नाही मासी, आईनीच बोलायचं."

"तिनी आजी शे मी!"

"हो मासी, पण नवा नियम असाच आलाय."

"नियम करनाराले म्हना, एक दिवस आमना घरमा ये."

बेन हसली, मला हसू येईना. मी बोलायला लागले, दवा नवीन आहे, फायदा होईल किंवा नाही होणार, काही त्रास झाला तर... आणि तिथंच अडकले.

"बेन, मी नाही म्हटलं तर? हाकलून देणार?"

"नाही हो. दुसरी दवा मिळेल, हेच डॉक्टर बघतील."

"हे पहिले पण होतं?"

"होतं. फक्त तुम्हाला समजलं का, हे कोणी विचारत नव्हतं."

मग माझ्याकडून थांबवलंच गेलं नाही. ती उठत नाही, दूध ओढत नाही, रडते पण कशी तर मांजरीच्या पिलासारखी, मला भीती वाटते, मला नको ही दवा, नको. मोबाईल चालूच होता. आत्याबाईंकडे बघायची हिंमत नव्हती.

बेन डॉक्टरला आणायला पळाली. डॉक्टरांनी पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, म्हणाले, दवा हळूहळू बदलू, पण आज इथंच ठेवा, झटका येतो का बघावं लागेल.

झटका. आता येईल का, मग येईल का, माझी नजर तिच्या मुठींवरून हलेना. आत्याबाई शिव्या घालतील म्हणून वाट बघत होते. त्यांनी पोरीचा मोजा काढला न् तळव्याला बोट फिरवायला लागल्या.

"ऊठ वं माय," म्हणाल्या. "तुनी माय बोलनी बघ. आते तू बोल."