एकत्र की वेगवेगळं?

"एरर शून्य," स्टेफान म्हणाला आणि त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "बघ, किती छान चाललंय."

स्टेफान माझा बॉस. मी आमच्या कंपनीत टेस्ट लीड आहे. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर कुठे मोडतंय ते शोधायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. माझ्या सासूबाईंच्या मते हे काम बऱ्याच जणी घरी फुकट करतात.

न्युरेम्बर्गजवळच्या एका लहान शहरात आमचा पायलट चालू होता. पायलट म्हणजे मोठ्या प्रमाणावर सुरू करण्याआधी केलेला छोटा प्रयोग. तिथल्या शाळेत पाण्याचा पाइप फुटला आणि स्वयंपाकघर उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत बंद झालं. ज्या घरांचं उत्पन्न कमी, त्यांच्या मुलांना शाळेत दुपारचं जेवण सरकारी खर्चाने मिळतं. ते थांबलं. म्हणून तिथल्या आम्टने, म्हणजे सरकारी कार्यालयाने, त्या घरांना एकेक हिरवं कार्ड दिलं. दर आठवड्याला त्यात जेवणाचे पैसे जमा व्हायचे आणि गावातल्या सुपरमार्केटमध्ये ते चालायचं. अट एकच, फक्त खाण्याच्या वस्तू घ्यायच्या. कार्डामागचं सॉफ्टवेअर आमचं होतं.

"आणि वापर?" मी विचारलं.

"वापर कमी आहे," स्टेफान म्हणाला. "तो काही आपला प्रश्न नाही."

दुपारच्या व्हिडिओ कॉलवर आम्टच्या फ्राऊ हुबर होत्या. पन्नाशीच्या, नेटक्या, वाक्य अर्धं न सोडणाऱ्या. "आल्झो, तर मग, लोक कार्ड वापरत नाहीत, याचा अर्थ त्यांना गरज नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या बैठकीत मी पायलट बंद करायला सांगणार आहे."

स्टेफानने मान डोलावली. मला मात्र ते पचेना. महिनाभरापूर्वी तीच मुलं शाळेत रोज जेवत होती. पाइप फुटल्यामुळे कुणाची भूक जात नाही. कार्ड बंद झालं असतं, तर सुट्टी लागेपर्यंत त्यांचं दुपारचं जेवण बुडणार होतं आणि वर त्यांना ते नकोच होतं अशी नोंद राहणार होती.

मी लॉग उघडला. लॉग म्हणजे सिस्टिमने आपल्या प्रत्येक कामाची आपोआप ठेवलेली नोंद. बहुतेक कार्डं एकदा वापरली गेली होती. एकदाच, आणि ती खरेदीही नाकारली गेलेली. पुन्हा त्या कार्डाचा पत्ता नाही. नाकारणं नियमाला धरून होतं, त्यामुळे सिस्टिमने ते एररमध्ये धरलं नव्हतं. कुटुंबांना फोन करून विचारावं, तर डाटेनशुत्स आडवा आला. खाजगी माहिती जपण्याचा हा नियम इथे देवासारखा पाळतात. मग मी टेस्टचं कार्ड पर्समध्ये टाकलं आणि एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडून त्या दुकानात गेले.

एखादी बाई घेईल तसंच सामान घेतलं. तांदूळ, कांदे, दूध, अंडी आणि भांडी घासायचा साबण. साबणाचे पैसे रोख द्यायचे असं ठरवलं होतं. काउंटरच्या सरकत्या पट्ट्यावर सामान ठेवलं, कॅशियरने भराभर स्कॅन केलं, मी कार्ड लावलं. मशीन लाल झालं. बिलात खाण्याची नसलेली एक जरी वस्तू असली, तर आमचं सॉफ्टवेअर पूर्ण बिल नाकारत होतं.

"स्टॉर्नो, बिटे!" कॅशियरने माइकवरून पुकारा केला. स्टॉर्नो म्हणजे झालेलं बिल रद्द करणं. त्यासाठी किल्लीवाली दुसरी बाई लागते. ती दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला दह्याचे डबे लावत होती. ती सावकाश येईपर्यंत रांग थांबली. जर्मनीत कुणी तुम्हाला काही बोलत नाही. फक्त श्वास सोडतात, तेवढं पुरतं.

"यातलं खायचं काय आहे?" किल्लीवालीने विचारलं. तिने चांगल्या मनानेच विचारलं, पण खणखणीत आवाजात.

माझा पगार व्यवस्थित आहे. ते कार्ड माझं नव्हतंच. तरी माझे कान तापले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, हे स्पष्टच सांगते.

माझ्या मागे एक तरुण बाई होती, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. बाईच्या हातात हिरवं कार्ड होतं. तिने ते हळूच कोटाच्या खिशात टाकलं आणि पट्ट्यावरून अंडी, चीज आणि सफरचंदं उचलून बाजूला ठेवली. राहिला ब्रेड आणि टॉयलेट पेपर. त्याचे तिने सुट्टे पैसे दिले.

"ममा, सफरचंदं?" मुलीने विचारलं.

"नंतर," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी स्टेफानसमोर बसले. "सॉफ्टवेअरने पूर्ण बिल नाकारायला नको. खाण्याचे पैसे कार्डातून घ्यावेत, बाकीचे रोख मागावेत."

"गेनाऊ, बरोबर आहे. पण दुकानाच्या काउंटरचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं आहे. चेंज रिक्वेस्ट टाकावी लागेल."

चेंज रिक्वेस्ट म्हणजे बदलाची रीतसर मागणी. "किती वेळ लागेल?"

"उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर."

म्हणजे स्वयंपाकघर सुरू झाल्यावर. मी चडफडत घरी आले.

शनिवारी सासूबाईंना घेऊन आमच्या जवळच्या दुकानात गेले. त्या तीन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. आमच्याकडे त्यांचा एक शिरस्ता आहे. देवघरासाठी काही घ्यायचं असेल, तर पैसे त्यांचेच. माझ्या पैशांची फुलं देवाला चालत नाहीत असं नाही, पण त्यांना चालत नाहीत. मी भाजी आणि पीठ ठेवलं. आईंनी पट्ट्यावरचा तो लांबट दांडा उचलला, दोन गिऱ्हाइकांच्या सामानाच्या मधे ठेवतात तो, आणि माझ्या सामानामागे ठेवला. त्यामागे फुलं आणि छोट्या मेणबत्त्या.

"एकत्र की वेगवेगळं?" कॅशियरने विचारलं.

आईंना जर्मन येत नाही. पण हा प्रश्न त्यांना पाठ होता. "गेट्रेंट," त्या ऐटीत म्हणाल्या. वेगवेगळं.

दोन बिलं झाली. मागच्या माणसाने मान वरसुद्धा केली नाही. इथे ऑफिसचं आणि घरचं, स्वतःचं आणि शेजारच्या आजीचं, लोक सर्रास वेगळं करतात.

"आई, अहो, थांबा जरा," मी म्हणाले आणि तिथेच फोन काढून स्वतःला मेसेज केला.

"काय झालं? जास्त पैसे लावले का?" त्यांनी विचारलं.

सोमवारी मी फ्राऊ हुबरना फोन केला. दुकानात काय झालं ते सगळं सांगितलं, सफरचंदांसकट. 

"एका खरेदीची दोन बिलं करू नयेत असं नियमात कुठे आहे का?" मी विचारलं.

"बिलं किती असावीत याबद्दल नियमात काही नाही."

"काही नसेल तर?"

"तर मी कुटुंबांना फोन करू शकते," त्या म्हणाल्या. "मला डाटेनशुत्स आडवा येत नाही. आणि बैठकीतला तो विषय मी पुढे ढकलते."

त्यांनी स्वतः एकेका घरी फोन केला. आधी खाण्याचं सामान, मग दांडा, मग बाकीचं, आणि विचारल्यावर म्हणायचं वेगवेगळं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे काही होतं, ते मी मुकाट्याने मागे घेतलं.

काही आठवड्यांनी स्टेफान घाईने माझ्या टेबलापाशी आला. "एरर यायला लागलेत."

मी बघितलं. आठवड्याचे पैसे संपल्यावरही लोक कार्ड लावत होते, आणि शिल्लक नसणं सिस्टिम एररमध्ये धरते. मी त्याला कॉफी पाजली.

पायलट सुट्टीपर्यंत चालला. शेवटच्या दिवसांत मी एकदा परत त्या दुकानात गेले. ती तरुण बाई मुलीला घेऊन माझ्यापुढे दोन गिऱ्हाइकं सोडून उभी होती. अंडी, चीज, सफरचंदं, दांडा, टॉयलेट पेपर. कॅशियरने विचारलं, "एकत्र की वेगवेगळं?" आईने तोंड उघडायच्या आत मुलीनेच उत्तर दिलं आणि एक सफरचंद बिल होताच उचलून चावलं.

हल्ली कुणी 'एरर शून्य' असा रिपोर्ट पाठवला, की मी आधी विचारते, दुकानात कोण गेलं होतं?